लाईट गेली, पण तू कुठे गेलास?

बस. तो मोबाईल आधी खिशात ठेव. चार टक्के बॅटरी उरली आहे, मला दिसतंय. त्याबद्दलच बोलायचंय.

वळीव आला, वारं सुटलं, कुठेतरी लाईन तुटली, दोन खांब वाकले, आणि तुझ्या घरात तीन दिवस अंधार राहिला. मान्य. वारं तू सोडलं नाहीस आणि खांब तू पाडले नाहीस. पण त्या तीन दिवसांत घरात जे हाल झाले, त्यातले वाऱ्याने किती केले आणि तू किती केलेस? खरं सांग. दहावीला विज्ञानात वर्गात पहिला आलेला पोरगा आहेस तू. आयटीआयला वायरमनचा ट्रेड केलास. तुला कळत नाही असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. तुला सगळं कळतं, म्हणून तर राग येतो.

लाईट गेल्यावर काय केलंस ते मी ऐकलंय. ओट्यावर जाऊन बसलास. चौघं जमलात. ‘लाईट कधी येईल रे?’ हा एकच विषय. रात्री तेच, सकाळी तेच. वायरमनला फोन, त्याचा लागला नाही म्हणून त्याच्या नावाने शिव्या. तिकडे तुझ्या घरात काय चाललं होतं? बोअरची मोटर बंद, म्हणून बायको आणि पोरगी विहिरीवर. कुट्टी मशीन बंद, म्हणून आई, सत्तरीची आई, कोयता घेऊन ऊस-मका तोडत गव्हाणीपाशी. गिरणी बंद, पीठ संपलेलं. मिक्सर बंद, म्हणून अंगणात उलटा पडलेला पाटा धुऊन घेतला तो बायकोनेच. लाईट गेली की तुला सुट्टी लागते, आणि घरातल्या बायांना दुप्पट काम लागतं. हे तुला एकदाही खटकलं नाही?

हिशेब कर. तुला येतो. संकटकाळात माणसाला दिवसाला कमीत कमी 15 लिटर पाणी लागतं असं मदतकार्यातले जाणकार धरतात. पिणं, स्वयंपाक, हात-तोंड, सगळं त्यात. घरात पाच माणसं, म्हणजे 75 लिटर. तुझ्या दावणीला दोन संकरित गाई. उन्हाळ्यात दुभती गाय 60-70 लिटर पाणी सहज पिते. दोघींचं धर 125. झाले 200 लिटर. 15 लिटरचा हंडा धरला तर दिवसाला 13-14 खेपा. या खेपा कुणी केल्या? तू किती केल्यास? बोल ना. ओट्यावर तर फार बोलत होतास.

आणि घरावर 1000 लिटरची टाकी आहे! पाच दिवस पुरली असती. का पुरली नाही? कारण टाकी तळाला लागून नळ फुसफुसल्याशिवाय मोटर चालू करायची नाही, ही तुमच्या घरची रीत. एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीन वाजता पश्चिमेला आभाळ काळं झालं, गार वाऱ्याची झुळूक आली, धुळीचा वास आला, की संध्याकाळी काय होणार हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागतं? त्या वेळी एक बटण दाबायचं होतं. एक बटण! तेवढ्यात पाण्याची टाकी, गाईंचा हौद, माठ, पिंप सगळं भरलं असतं. त्या वेळी तू काय करत होतास? आभाळाचा व्हिडिओ काढत होतास. स्टेटसला टाकलास. मी पाहिला. छान आला होता.

गावच्या हातपंपाबद्दल बोलशील तर तेही ऐक. हापसा गंजलाय, दांडा निघालाय, म्हणून सांगतोस. तो गंजला कधी? त्यावर मोटर बसली आणि हापसा चालतो का हे बघायची कुणाला गरज वाटेना, तेव्हा. सोलापूरकडच्या पंपाच्या धर्तीवर 1970 च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हापसा तयार झाला आणि पुढे आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत गेला. दुष्काळाने होरपळलेल्या आपल्याच मुलखाचं ते देणं. तिकडे तो अजून पाणी देतो. तुमच्या आळीतला बंद. वॉशर बदलायला ग्रामसभेत एकाने तोंड उघडलं असतं तर भागलं असतं. तू उघडलंस का?

‘सर, आमच्या गावाला दारं नाहीत, आम्ही देवाच्या भरवशावर राहतो.’ हे मला सांगू नकोस. शनिशिंगणापूरची श्रद्धा मला तुझ्याकडून शिकायची नाही. घराला चौकट आहे, दार नाही, कुलूप नाही. शनिदेव राखण करतो हा गावाचा विश्वास, आणि त्या विश्वासाला मी हात जोडतो. पण तो विश्वास चोरीपुरता होता रे. टॉर्च चार्ज करू नकोस असं कुठल्या देवाने सांगितलं? युको बँकेने 2011 साली इथे कुलपाशिवाय शाखा उघडली. गावाचा मान राखला. म्हणून रोकड सांभाळायची काळजी घेतली नाही का तिने? घेतलीच. 2015 साली गावात पोलीस ठाणंही आलं. श्रद्धेला कुठे तडा गेला? ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण तुमच्यासारख्यांना चापटी मारायला आहे, पाठ थोपटायला नाही.

उलट दार नसलेल्या घराला अंधार जास्त जड जातो. इतरांच्या घरी निदान दार लोटता येतं. तुझ्या चौकटीतून वारं आत, पावसाची झड आत, भटकं कुत्रं आत. पहिल्या पावसात बिळात पाणी शिरतं आणि साप-विंचू कोरडी जागा शोधत बाहेर पडतात. कोरडी जागा कुठली? तुझं घर. आणि त्या घरात लेकरं जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेली, आई अंधारात चाचपडत मोरीकडे निघालेली. चौकटीला आडवी लावायची फळी परसात चिखलात पडली होती. पलंगापाशी टॉर्च नव्हता. होता, पण सेल संपलेला होता. सेल संपलेला टॉर्च आणि नसलेला टॉर्च यांत फरक काय, मला समजाव. चौथऱ्यावर शनिदेव उघड्यावर उभा आहे, वर छप्पर नाही, वळीव अंगावर घेतो. तो देव आहे. तुझी आई माणूस आहे.

आईचं आलंच आहे तर इन्सुलिनचं बोलू. इथे मी आवाज चढवणार, तू ऐकून घ्यायचं.

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेलं पेन किंवा बाटली घरातल्या तापमानात साधारण चार आठवडे टिकते, पण ते तापमान 25-30 अंशांच्या आत हवं. अहिल्यानगर जिल्ह्यातला मे महिना, वर पत्रे. दुपारी पारा कुठे जातो ते तुला माहीत आहे. लाईट गेल्यावर फ्रिज बंद ठेवला तर आत चारेक तास बरा गारवा राहतो. तुमच्या घरी काय झालं? ‘थंड आहे का अजून’ हे बघायला दर अर्ध्या तासाला फ्रिज उघडला. मग घाबरून कुठून तरी बर्फ आणलास आणि बाटली त्या बर्फात खोचलीस. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. तू मान हलवलीस. मान हलवण्यात तुझा हात कुणी धरणार नाही.

घरात माठ होता. बाटली प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डबीत घालायची, ती डबी पाण्याच्या माठात सोडायची, माठ सावलीत वाऱ्यावर ठेवायचा आणि बाहेरून ओलं फडकं गुंडाळायचं. बाष्पीभवनाने उष्णता जाते. हे मी तुला आठवीत शिकवलं होतं आणि परीक्षेत तू त्याचं उत्तर अचूक लिहिलं होतंस. फ्रिजची बरोबरी माठ करणार नाही, पण पत्र्याखालच्या फळीपेक्षा कितीतरी बरा. परीक्षेत लिहिलेलं आईच्या औषधासाठी आठवत नसेल तर ते गुण परत कर मला. आणि बाटली एवढी तापली-गोठली असेल तर ‘चालतं’ म्हणून तीच टोचू नकोस. डॉक्टरला दाखव, नवी घे.

आता इन्व्हर्टर. कर्ज काढून घेतलास, दिवाणखान्यात मांडलास, आल्या-गेल्याला दाखवलास. पहिल्या रात्री पाच तासांत बंद पडला, मग कंपनीला दोष. पाटी घे, गणित मांड. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवर. गुणाकार 1800 वॅट-तास. बॅटरी पूर्ण रिती करायची नसते, आणि वाटेतही वीज वाया जाते. म्हणून हातात 1200 धर. जुने दोन पंखे 75 वॅटचे, म्हणजे 150. टीव्ही, सेट-टॉप, वायफाय मिळून 70. चार बल्ब 9 वॅटचे, 36. बेरीज 256. भाग 1200 ला. पावणेपाच तास. इन्व्हर्टरने तुला दगा दिला नाही, त्याने गणित बरोबर सोडवलं. लाईट नसताना टीव्ही कशाला हवा होता? मॅच होती! एक पंखा आणि दोन बल्ब ठेवले असतेस तर 93 वॅट, जवळजवळ 13 तास. पंखा नव्या पद्धतीचा 30 वॅटवाला असता तर पूर्ण एक दिवस. हे नव्या बॅटरीचं. तुझ्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कधी घातलंस? पाण्याची पातळी दाखवणारी काडी खाली बसलेली आहे, मी येऊन पाहिलंय. स्वतः वायरमन आहेस ना तू? लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या बॅटऱ्या बघतोस आणि पैसे घेतोस.

मोबाईल मेला म्हणून रडत होतास. दारात ट्रॅक्टर उभा आहे. त्याची बॅटरी 12 व्होल्टची. गाडीत लावायचा चार्जर त्यावर चालतो. अख्ख्या आळीचे फोन चार्ज झाले असते. सुचलं नाही? सुचायला बसावं लागतं, आणि तू दुसऱ्याच कामाला बसला होतास.

दुधाचं तर बोलायलाच नको. संध्याकाळचं दूध संकलन केंद्राने घेतलं नाही, कूलर बंद होता. त्यांचंही बरोबर, तापलेलं दूध घेऊन ते काय करणार? पण नासेपर्यंत कॅन पडवीत ठेवणं कुणाच्या डोक्यातून निघालं? दूध तापवायचं, विरजायचं. चूल पेटवून खवा आटवायचा. तुझ्या आजीला हे सांगायची गरज पडली नसती. आणि कुट्टीचं म्हणशील, तर मुरघास कुणासाठी आहे? कृषी खात्याचे लोक सांगून थकले. दोन पिशव्या मुरघास भरलेला असता तर आईच्या हातात कोयता आला नसता. घोडेगावकडून शिंगणापूरला येताना रस्त्याकडेला बैल फिरवून रस काढणाऱ्या रसवंत्या रोज बघतोस. वादळातही त्यांचा चरक थांबायचं कारण नाही. ज्याने हाताला आणि बैलाला येणारं काम सोडलं नाही, त्याचं अडत नाही.

तुझी सबब मला पाठ आहे. ‘महावितरण काही करत नाही.’ बरं. 1912 ला फोन केलास? तक्रार क्रमांक घेतलास? लिहून ठेवलास? नाही. वीज नियामक आयोगाने सेवा किती वेळात सुरळीत व्हावी याची मानकं ठरवलेली आहेत, उशीर झाला तर भरपाईची तरतूद आहे. नैसर्गिक आपत्तीत सवलत असते, तीही आहे. पण ज्याच्याकडे तक्रार क्रमांकच नाही तो दाद कशावर मागणार? ओट्यावरच्या शिव्यांना नंबर पडत नाही.

आणि पावसाळ्याच्या आधी वायरमन लाईनवरची लिंबाची फांदी तोडायला आला, तेव्हा बांधावर आडवा कोण झाला? ‘सावली जाईल’ म्हणालास. तीच फांदी तारेवर पडली. डीपीतला फ्यूज गेल्यावर जाड तार घालून जुगाड कुणी केलं? आकडे टाकून एकाच डीपीवर मोटरी कोण ओढतं? नावं मला माहीत आहेत, इथे घेत नाही. नाचता येईना अंगण वाकडं.

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारं. हजारो खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. इतर जिल्ह्यांतले वायरमन तिकडे धाडावे लागले. विहिरीत पाणी होतं आणि वर काढायला वीज नव्हती. तू हे टीव्हीवर पाहिलंस आणि म्हणालास, ‘ते कोकणात.’ पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, तेव्हाही ‘ते समुद्राकडं.’ मग 2025 चा मे आठव. अर्ध्या महिन्याच्या वर महाराष्ट्रभर अवकाळी झोडपत होता, मान्सून 26 मे लाच मुंबईत पोहोचला, कित्येक दशकांत एवढ्या लवकर आला नव्हता. आपल्या जिल्ह्यातही शेतं तुंबली. आता कुठे ढकलणार? बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणतात. तू तर बैल जाऊनही झोपा केला नाहीस.

नवल याचं वाटतं की तुम्ही अंधाराला नवखे नाही. 2005 नंतरची ती भारनियमनाची वर्षं आठव. दिवसाचे बारा-बारा तास लाईट नसायची. तेव्हा तू पोरगा होतास. प्रत्येक घरात कंदील पुसलेला, काच लख्ख, वात कापलेली. लाईट आली की सगळ्यात आधी पाणी, मग दळण. रात्री दोनला आली तर दोनला उठायचे. तुझे वडील उठायचे. आता रेशनला रॉकेल मिळत नाही, कंदील माळ्यावर गंजला, ते समजतं. पण सौर कंदील, चार्जिंगचा बल्ब, हे रॉकेलपेक्षा सोपं आहे की अवघड? वडिलांच्या पिढीला तुझ्याइतकं शिक्षण नव्हतं. त्यांना दुपारचं आभाळ बघून संध्याकाळ कळायची. तुझ्या फोनवर हवामान खात्याचा इशारा येतो, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास वीज कुठे पडतेय ते सांगतं, आणि तू ते उघडून बघत नाहीस. डोळ्यांवर कातडं ओढायचं असेल तर शंभर ॲपं काय करणार?

पलीकडच्या वस्तीवर एकटी राहणारी म्हातारी आहे. तिचा मुलगा पुण्याला. तीन दिवस तिचा फोन लागत नव्हता म्हणून तो रडकुंडीला आला होता. तुमच्यापैकी एकजण तरी तिच्या उंबऱ्यापर्यंत गेलात? मला उत्तर नको, पुढच्या वेळी जा.

कपडे वाळत घालायला परसात लोखंडी तार बांधली आहेस. एक टोक पत्र्याच्या शेडला, दुसरं विजेच्या खांबाजवळच्या लाकडाला. सर्व्हिस वायरचं वेष्टन वाऱ्याने घासून गेलं, तार तिला टेकली, तर ओले कपडे काढायला तुझी बायको त्या तारेला हात लावणार आहे. आजच काढ ती. नायलॉनची दोरी बांध. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घातलेलं नाहीस. घराला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसव. गिऱ्हाईकाला सांगतोस, ‘जिवापेक्षा महाग नाही.’ स्वतःच्या घरात कधी सांगणार?

आणि आता शेवटचं. याच्यासाठी मी तुला खरं बोलावलं. दुसऱ्या रात्री भाड्याने छोटा जनरेटर आणलास. पडवीत, तीन बाजूंनी बंद जागेत चालू ठेवलास. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, वास येत नाही, आणि झोपलेलं माणूस उठत नाही. ते एक. पण त्याहून भयंकर दुसरं. दोन टोकांना पिना लावलेली वायर करून ती भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचलीस. मेन स्विच बंद केला होतास का? ‘बहुतेक केला होता.’ बहुतेक! ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो, हे तुला आयटीआयमध्ये पहिल्या वर्षी शिकवलंय. तुझ्या घरातले 230 व्होल्ट डीपीतून उलटे गेले की वरच्या तारेवर 11,000 होतात. वर खांबावर माणूस चढलेला. पावसात, दोन दिवस न झोपलेला, ज्याला तू शिव्या देत होतास तोच. त्याने पलीकडून लाईन बंद करून घेतली आहे, म्हणून निर्धास्त तारेला हात घालतोय. त्याच्याही घरी लाईट नाही. त्याचीही पोरं अंधारात बसलेली आहेत.

त्या रात्री काही झालं नाही. त्यात तुझं काहीही कर्तृत्व नाही. चेंजओव्हर स्विच बाजारात मिळतो, बसवायला तुला अर्धा दिवस पुरतो, आणि बसवता येत नाही असं तू म्हणू शकत नाहीस. ती दोन पिनांची वायर घरी जाऊन काप आणि तुकडे माझ्याकडे घेऊन ये. स्विच बसवून झाल्यावर मी बघायला येईन. तोवर घरी जा. हौद अर्धा रिकामा आहे, आणि विहिरीकडे निघालेली तुझी पोरगी मला येताना वाटेत भेटली.